मांडूळ तस्करी

मांडूळ (दुतोंड्या) : सैल, कोरड्या मातीत राहणारा बिनविषारी साप. छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्याच्या शिवारात उंदीर खाणारा हा शेतकऱ्याचा सोबती. शेपूट आखूड, बोथट, तोंडासारखीच. डिवचल्यावर तो डोके वेटोळ्यात लपवून शेपूट पुढे करतो. दोन तोंडांचा समज यातूनच आला, आणि दुर्दैवाने हा बचावच त्याच्या जिवावर उठला.

मांडुळामुळे गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, दुर्धर आजार बरे होतात, अशा भाकडकथांवर हा बाजार चालतो. जितके वजन, तितका भाव. म्हणून साप तराजूत तोलला जातो आणि त्याची चित्रफीत गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जाते. विकणाऱ्याला झटपट लाखो रुपयांची आशा असते. घेणारा तरी श्रद्धाळूच असतो असे नाही. पुढे याहून मोठे गिऱ्हाईक भेटेल, या भरवशावर अनेक जण पैसे गुंतवतात.

2016 ते 2021 या काळात देशभरात मांडूळ जप्तीच्या 172 घटना बातम्यांतून नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार मांडूळ पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. या बाजारामागच्या अंधश्रद्धेविरुद्ध महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे.