‘लस’ : एका वैद्यकीय शब्दाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
‘लस’ हा आज घरोघरी रूढ असलेला शब्द आहे. तथापि त्याचा मूळ अर्थ आपल्या विस्मरणात गेला आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाचा उगम व अर्थविस्तार यांचा थोडक्यात विचार केला आहे.

मूळ अर्थ :
फोडातून वा जखमेतून पाझरणाऱ्या चिकट, पाणीदार स्रावास मराठीत ‘लस’ म्हणतात. चरकसंहितेत त्वचेतील व व्रणातील जलांशास ‘लसीका’ ही संज्ञा आहे. दोहोंतील साम्य लक्षणीय आहे. याउलट ‘व्हॅक्सिन’ हा शब्द गाय या अर्थाच्या ‘व्हॅक्का’ या लॅटिन शब्दापासून आला. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईंना होणाऱ्या देवीचा स्राव एका मुलास टोचला व १७९८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मुंबईतील प्रारंभ :
हा स्राव बगदाद, बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचला. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस तो टोचण्यात आला. शीतसाठ्याची सोय नसल्याने तो टिकविण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे माणसाचा दंड. ॲनाच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस इतर मुलांना टोचली गेली व त्याच साखळीतून ती भारतात अन्यत्र गेली. त्या काळी लस ही शब्दशः लसच होती. देवीचा रोग हा देवीचा कोप मानला जाई. म्हणूनच लस टोचण्यास ‘देवी काढणे’ असेही म्हटले गेले.

अर्थविस्तार :
लुई पाश्चर यांनी १८८१ मध्ये जेन्नर यांच्या गौरवार्थ ‘व्हॅक्सिन’ ही संज्ञा अन्य रोगांच्या प्रतिबंधक द्रव्यांनाही लागू करावी, असे सुचविले. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत सिद्ध केलेले प्लेगप्रतिबंधक द्रव्य उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून बनलेले होते. त्यात ना गाईचा संबंध होता, ना फोडातील स्रावाचा. तरी तीही ‘लस’च ठरली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन जाहीर केले. रोग गेला, शब्द उरला.

निष्कर्ष :
इंग्रजी शब्दाने गाईची आठवण जपली, मराठी शब्दाने फोडातील स्रावाची. एकोणिसाव्या शतकातील कागदपत्रांत ‘लस’ हा शब्द आढळल्यास आजची कुपी डोळ्यांसमोर आणणे हा कालविपर्यास ठरेल. त्या शब्दामागे अनेकदा एखाद्या बालकाचा दंड असे. त्या बालकाची संमती कोणी घेतली होती काय, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांसमोर अवश्य मांडावा.