दमदमचा कॉमेट अपघात आणि वैमानिकाच्या हातातील जाणीव

२ मे १९५३ रोजी सिंगापूरहून लंडनला जाणारे बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट जेट विमान कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे झेपावले. सहाच मिनिटांत ते वादळात सापडले, हवेतच मोडले आणि जगलगोरी गावाजवळ कोसळले. त्यातील ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते.

बंगालमध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर येणाऱ्या वादळांना कालबैशाखी म्हणतात. दमट, तापलेली हवा जोराने वर चढते आणि शेजारीच थंड हवा खाली येते. अशा प्रवाहांतून जाताना विमानाच्या पंखांवरचा व शेपटीवरचा भार एकाएकी बदलतो.

भारतातील चौकशी न्यायालयाने वादळात सांगाडा मोडल्याचे निदान केले. त्याची कारणे दोन संभवत होती : वाऱ्याचे प्रचंड झोत, किंवा विमान सावरताना नियंत्रणे प्रमाणाबाहेर वापरली जाणे अथवा ताबा सुटणे.

दुसऱ्या शक्यतेमागे कॉमेटची रचना होती. जुन्या विमानांत नियंत्रणदांडा तारांनी शेपटीवरील व पंखांवरील हलत्या पृष्ठांना थेट जोडलेला असे. वेग वाढला की दांडा जड होई आणि सांगाड्यावर किती ताण येतो आहे, हे हाताला कळे. कॉमेटमध्ये ही पृष्ठे संपूर्णपणे हायड्रॉलिक शक्तीने हलत. ती यंत्रणा बंद पडल्यास पर्यायी यंत्रणा होती; पण हवेचा विरोध वैमानिकाच्या हातापर्यंत पोहोचत नव्हता. त्यामुळे वादळात नाक वर उचलताना विमानाला न पेलणारा भार नकळत पडू शकत होता.

पुढे कॉमेटमध्ये ‘क्यू फील’ यंत्रणा आली. वेगामुळे निर्माण होणाऱ्या हवेच्या दाबानुसार ती दांड्याला कृत्रिम विरोध देते. हवामान रडार बसवण्यात आले, तर खवळलेल्या हवेतील वेगमर्यादा कडक झाल्या. १९५४ मध्ये एल्बा व नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट पडली. त्यांच्या तपासात धातूची शिणावट उघड झाली. कलकत्त्याच्या चौकशीतून निघालेला नियंत्रणांचा धडा मात्र स्वतंत्रपणे टिकला.

आज वादळी हवेत वैमानिक ठरवून दिलेला वेग राखतो आणि नियंत्रणे जपून हलवतो. नियंत्रणे जखडली वा मोडली, तर वेग व फ्लॅप-चाकांची स्थिती फारशी न बदलता तो आधी विमान स्थिर करतो. नंतर सुरक्षित उंचीवर, उतरण्याच्या वेगाला ते किती ताब्यात राहते हे पडताळून मगच धावपट्टीकडे वळतो. विमान किती भार सोसेल आणि हाताशी किती ताबा उरला आहे, हे ओळखणे दोन्ही प्रसंगी सारखेच मोलाचे असते.