नाव माधव, हाक बंडू

आचमन करताना पहिल्या तीन नावांचं पाणी प्यायचं आणि चौथ्याचं ताम्हनात सोडायचं. केशव, नारायण, माधव पोटात, गोविंद ताम्हनात. मुंजीनंतर आप्पा, म्हणजे माझे आजोबा, संध्या शिकवायला बसले तेव्हा मी विचारलं, "गोविंदानं काय घोडं मारलंय?" त्यांनी पळी ताम्हनावर वाजवली आणि पुढचा मंत्र सुरू केला. पण माधव पिण्याच्या रांगेत आहे, याचं त्यांना बरं वाटत असावं. त्यांच्या वडिलांचं नाव माधव, आणि थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या वडिलांचंही.

आमच्याकडे हे नाव एक पिढी आड येतं. आजोबा हयात असताना नातवाला त्यांचं नाव ठेवायचं नाही. ते गेले की पुढच्या पहिल्या नातवाचं नाव ठरलेलंच. नाशिकला तीर्थोपाध्यायांनी आमच्या घराण्याची वही उघडली तेव्हा वरच्या ओळी मोडीत आणि खालच्या बाळबोधीत होत्या, एवढाच काय तो फरक. बाकी माधव विनायक, विनायक माधव, माधव विनायक अशी उतरंड. नेमका कोणता माधव कधी गंगेवर येऊन गेला हे सांगायला गुरुजींना दर वेळी शक आणि बरोबरच्या माणसांची नावं बघावी लागत होती.

पेशव्यांचाही हाच खाक्या. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. राघोबादादांना १७७५ साली मुलगा झाला, त्याला त्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं, बाजीराव. नाव आजोबांचं असलं तरी गुण आजोबांचे येतातच असं नाही, हे पुढे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

आम्ही मूळचे वाईचे. गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक, त्यामुळे थोरले माधवराव पेशवे म्हणजे आमच्या गावच्या बायकांच्या लेखी लेकीचा लेक. मोठी आत्या त्यांच्या गोष्टी सांगायची ती शेजारच्या घरातली हकिकत असावी तशी. पानिपतानंतर १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर आलेला पोर. घरात काका टपून, दारात निजाम, पलीकडे हैदर. तिची आवडती गोष्ट रामशास्त्र्यांची. माधवराव तासन्‌तास जपाला बसू लागले, दरबारातली माणसं ताटकळू लागली, तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जायची रजा मागितली. म्हणाले, ब्राह्मण्यच पाळायचं तर गंगाकाठी जाऊ, राज्य करायचं तर जप आटोपता घ्या. आत्या सांगताना रामशास्त्र्यांचा आवाज आप्पांसारखा काढायची. रामशास्त्री माहुलीचे, म्हणजे आमच्याच कृष्णेच्या काठचे, हेही ती न चुकता सांगायची. जसं काही तो खडसावण्याचा हक्क त्यांना नदीनं दिला होता.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या आवारात, माधवराव क्षयानं गेले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारला गेला. त्याची बायको गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि १८ एप्रिल १७७४ ला तिला मुलगा झाला. चाळिसाव्या दिवशी त्या तान्ह्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाली. नाव ठेवलं माधवराव.

वडिलांचं ठेवलं नाही, चुलत्याचं ठेवलं. माझ्या मते या बारशाला पाळण्याइतकंच राजकारणही होतं. राघोबाच्या दाव्यापुढे बारभाईंना नुसता वारस उभा करायचा नव्हता. ज्याच्या शब्दाला वजन होतं, त्या माणसाचं नाव पुन्हा गादीवर बसवायचं होतं. आणि या सगळ्यात एक आजी होती. गोपिकाबाईंचा थोरला विश्वासराव पानिपतावर गेला, मग माधवराव, मग नारायणराव. त्या नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. मेलेल्या मुलाच्या नावाचा नातू मोठा होऊ लागला तेव्हा त्यांनी त्याला दिनचर्येचं आणि वागणुकीचं एक लांबलचक पत्र लिहिलं. नातवाला लिहिताना कोणता माधव त्यांच्या डोळ्यांपुढे होता, कोण जाणे.

हा दुसरा माधव, सवाई माधवराव, ऑक्टोबर १७९५ मध्ये वाड्याच्या सज्जावरून पडून गेला. तोही अवघ्या एकविसाव्या वर्षी.

माझ्या वडिलांच्या बारशाला हाच मुद्दा निघाला. शेजारच्या एक काकू पणजीला म्हणाल्या, "थोरले गेले सत्तावीसचे, धाकटे एकविसाचे. नाव चांगलंय हो, पण अल्पायुषी." पणजी वाती वळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मग राम पण ठेवू नका कुणी. चौदा वर्षं वनवासाला गेला तो." विषय तिथेच मिटला. गंमत म्हणजे ज्या नावाची तिनं बाजू घेतली ते तिनं उच्चारलं नाही. तिच्या नवऱ्याचं नाव ते! एरवी ती "आमच्या घरातलं नाव" म्हणायची. बाळाच्या कानात कुर्र करून ते नाव सांगितलं आप्पांच्या बहिणीनं. वडिलांचं नाव घ्यायला लेकीला कसली आडकाठी?

खरी कुचंबणा झाली माझ्या आजीची. सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि पोटच्या पोराचं नाव तेच. तिनं त्याला पहिल्या दिवसापासून बंडू म्हटलं. मग शेजारी बंडू म्हणू लागले, शाळेतले मास्तर बंडू म्हणू लागले. पुढे आई आली. तिच्या बाबतीत ते नवऱ्याचं नाव, म्हणजे उखाण्यापुरतंच. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, विजेचं बिल, श्राद्धाचा संकल्प, सगळीकडे माधव. घरात मात्र ते नाव कुणी घेत नसे. अख्ख्या घरात वडिलांना माधव म्हणणारी एकटी मोठी आत्या. ती माहेरपणाला आली की आठ दिवस त्यांना त्यांचं नाव मिळायचं.

आजी रोज संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हणायची. त्यात माधव तीनदा येतो, आणि नामावळीतला क्रम धरला तर ७२, १६७ आणि ७३५ या जागी. तिन्ही वेळा आजीचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. देवाचं नाव गाळलं असं होऊ नये आणि सासऱ्यांचं घेतलं असंही होऊ नये. शंकराचार्यांच्या भाष्यात या तिन्ही जागांचे अर्थ वेगळे दिले आहेत: एकदा लक्ष्मीचा पती, एकदा विद्येचा स्वामी, एकदा मधूच्या कुळात जन्मलेला. शिवाय वैशाखाचं वैदिक नाव माधव, आणि बारा महिन्यांना विष्णूची बारा नावं लावतात त्यात माघ महिना माधवाचा. एवढे अर्थ असलेलं नाव आजीच्या तोंडी शेवटपर्यंत मुकंच राहिलं.

हे नाव काही पेशव्यांच्या किंवा भटाभिक्षुकांच्या मालकीचं नाही. काशीयात्रा करून आलेल्यांनी पंचगंगा घाटावरचा बिंदुमाधव घरी आणला, प्रयागाहून वेणीमाधव आणला. महादजी शिंद्यांना कागदोपत्री माधवराव म्हणत, आणि ग्वाल्हेरच्या घराण्यात ते नाव पुढेही फिरत राहिलं. न्यायमूर्ती रानडे नावानं महादेव, पण लोकांनी त्यांना माधवराव करून टाकलं. माधव सदाशिव गोळवलकर आणि कोल्हापूरचे सत्यशोधक माधवराव बागल एका पंक्तीला बसणं कठीण. नावानं मात्र बसवलेच. 'मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे' लिहिणारे माधव कोंडविलकरही त्याच पंक्तीतले. लोकनायक अणे, कवी माधव जूलियन, क्रिकेटमधले मंत्री आणि आपटे, पाण्याचे चितळे, पश्चिम घाटाचे गाडगीळ: १८८० पासून १९४२ पर्यंत जन्मलेल्यांची ही जंत्री आणखी कितीही लांबवता येईल.

मग ओघ आटला. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली. आत्यानं ती नगर वाचनालयातून आणून रडत रडत संपवली, मैत्रिणींत फिरवली. गल्लीतल्या प्रत्येक बाईला माधवराव हवेहवेसे वाटत होते. पण पाळण्यात सगळ्यांनी संजय, मिलिंद आणि राजेश घातले. आत्यानंही. मी एकदा तिला त्याबद्दल टोकलं तर म्हणाली, "तो नवरा म्हणून बरा रे. मुलगा म्हणून जुना वाटतो." याहून चांगलं उत्तर मला कोणत्याही समाजशास्त्रज्ञाकडून मिळालेलं नाही. पुढे वर्तमानपत्रांत माधव दिसू लागला तो माळी, धनगर आणि वंजारी यांच्या आद्याक्षरांचा, वसंतराव भागवतांच्या 'माधव' सूत्रातला. तो निवडणुकीच्या निवडणुकीला ठळक टायपात येतो.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी धाकट्या भावाला मुलगा झाला. नावांच्या पुस्तकावर भावजयीनं विहान, आरव, रिआन अशा खुणा करून ठेवल्या होत्या. आम्ही कुणी काही बोललो नाही. हल्ली बोलायची सोयही नाही. बारशाच्या आदल्या दिवशी तिनंच सांगितलं, माधव ठेवू. विहान नावाचे वर्गात तीन तरी असतील, पण दुसरा माधव नसेल, हे तिचं कारण. आमच्या दंडकाशी त्याचा काही संबंध नव्हता आणि परिणाम तोच झाला.

पोरगा आता चौथीत आहे. मित्र त्याला मॅडी म्हणतात, तो आपल्या वहीवर इंग्रजीत पूर्ण नाव लिहितो. सकाळी शाळेची रिक्षा खाली येऊन हॉर्न वाजवते, तेव्हा भावजय गॅलरीतून सासऱ्यांच्या नावानं असा काही शंख करते, की तिन्ही मजल्यांवरच्या लोकांना कळतं, आज माधवचा डबा राहिला.