नाका उठला, पण...

मंडळी, आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा जन्म १ जुलै १९९८ चा, आणि जीएसटी आला तोही १ जुलैलाच, २०१७ साली. निव्वळ योगायोग! पण कर आणि आपला रस्ता यांचं नातं फार जुनं आहे.

मोगलांच्या काळात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जायचा. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याच वाटेने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुक लिहून गेला. सुरत बंदरावर जकात भरली तरी वाटेत राहदारी द्यावी लागे. जहांगीराने १६०५ मध्ये गादीवर येताच असले कर बंद केले. पुढे औरंगजेबाने राहदारी बंद केली. तेच पुन्हा बंद करावं लागतं, यातच सगळं आलं :) मुंबई इलाख्यातली ही अंतर्गत जकात इंग्रजांनी १८३८ मध्ये काढली.

मग १ मे १९६० ला नवापूरपाशी दोन राज्यांची सीमा आली. रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत! सीमा आली की तपासणी आली, ट्रकच्या रांगा आल्या. जीएसटी आल्यावर दोन्ही राज्यांनी करतपासणीचे नाके उठवले.

म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा मोकळा झाला का? नवापूरला टेक्स्टाइल पार्क आहे. समजा, कृत्रिम धाग्याचं १०० रुपयांचं सूत घेतलं, त्यावर १२ टक्के, म्हणजे १२ रुपये कर. कापड विकलं १४० ला, त्यावर ५ टक्के, म्हणजे ७ रुपये. उरलेले ५ रुपये सरकारकडे अडकले. असा कर परत मागता येतो, पण कापडाला सुरुवातीला ती सोयच नव्हती. १ ऑगस्ट २०१८ पासून रिफंड सुरू झाला, पण त्याआधीचं साठलेलं क्रेडिट बुडीत धरलं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती अट रद्द केली. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सुतावरचा करही ५ टक्के झाला.

म्हणजे मूळ तिढा सुटायला आठ वर्षं लागली. मोठ्या गिरणीला थांबणं परवडतं. उधारीवर सूत आणणाऱ्या छोट्या कारखानदाराला नाही. त्याच्या लेखी नाका उठला नव्हता, रस्त्यावरून कागदावर गेला होता. पूर्वी बैलगाडी थांबायची, आता भांडवल थांबतं. म्हणून कुठलाही कर "सोपा झाला" असं वाचलं की मी एवढंच शोधतो : परतीचा पैसा किती दिवसांत मिळणार?

तुमच्या घरात जुन्या नाक्यांच्या गोष्टी असतील तर जरूर कळवा.