मन की नुसते वर्तन? : एका वादाचा इतिहास

‘मन’ हा शब्द आपण उठता-बसता वापरतो. पण मन कुणी पाहिले आहे काय? जे दिसत नाही, त्याचे शास्त्र होऊ शकते काय? या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतील विद्वान शंभराहून अधिक वर्षे भांडत आले आहेत. आम्ही काही विद्वान नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

१८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. स्वतःच्या मनात काय चालले आहे ते बारकाईने पाहून सांगायचे, याला अंतर्निरीक्षण म्हणतात. वुंट यांचे शिष्य टिचनर यांनी हीच वाट पुढे अमेरिकेत नेली. पण पंचाईत झाली. टिचनर म्हणत, विचारात संवेदना किंवा प्रतिमा असतेच. वुर्झबुर्गचे संशोधक म्हणत, प्रतिमेवाचूनही विचार होतो. आता निवाडा कोण करणार? दुसऱ्याच्या मनात कुणाला डोकावता येतं?

१९१३ साली जॉन वॉटसन यांनी हा वादच मोडीत काढला. जाणीव वगैरे सोडा, डोळ्यांना दिसते ते वर्तन तपासा, असे त्यांचे म्हणणे. पुरावा दाखवा, ही मागणी रास्तच होती. पण पुढे काय झालं बघा. १९२० साली त्यांनी व रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. मूल पांढऱ्या उंदराला भीत नव्हते. त्याने उंदराकडे हात नेला की मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारीत. शेवटी नुसता उंदीर दिसला तरी पोर रडू लागले. ती भीती घालवण्याचे काम मात्र झालेच नाही.

पुढे स्किनर यांनी, वर्तनाला जे फळ मिळते त्यावरून वर्तन घडते, असे सांगितले. यात तथ्य आहे. हजेरीचे बक्षीस आणि उशिराचा दंड आम्हा गिरणीवाल्यांना कुणी शिकवायला नको. पण हात साच्यावर चालत, तेव्हा मन गावी आजारी आईपाशी असे. जॉबरला हात तेवढे दिसत.

याला उत्तर उंदरांनीच दिले! १९३० साली टोलमन व हॉन्झिक यांनी काही उंदीर दहा दिवस खाऊ न ठेवता चक्रव्यूहात फिरवले. अकराव्या दिवशी खाऊ ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या चुका एकदम घटल्या. म्हणजे वाट ते आधीच शिकले होते, वर्तनात ते दिसत नव्हते इतकेच. १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषेवरील पुस्तकाची झाडाझडती घेतली. कधी न ऐकलेले वाक्य मूल बोलते, ते नुसत्या सवयीने कसे?

अशा रीतीने मन पुन्हा शास्त्रात आले. तरी वाद मिटलेला नाही. मेंदूचे सारे काम उलगडले, तरी दुखणे हे आतून ‘दुखते’ का, हा प्रश्न उरतोच, असे १९९५ साली डेव्हिड चामर्स यांनी मांडले.

आम्हाला यातून एवढेच उमगले : पुरावा मागावा, जरूर मागावा. पण आपल्याला दिसत नाही म्हणून समोरच्याच्या आत काहीच नाही, असे धरून चालू नये. त्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत तेच धरले गेले. वाचकांनी यावर विचार करावा, ही विनंती.