चिलटाच्या अळीतला बग

पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी लाल डोळ्यांची चिलटं आपण हातानं हाकलतो. मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये, ती बाटल्यांत जपून वाढवतात. १९६२ मध्ये तिथं रेण्वीय जीवशास्त्राचं काम सुरू करणारे ओबेद सिद्दिकी पुढे या चिलटांकडे वळले.

चिलटांची एक बिघडलेली जात आहे, शिबिरे. जपानी शब्द, अर्थ बधिर. साधारण तीस अंशांना ही माशी धाडकन आडवी होते. थंड करा, थोड्या वेळात उठून चालायला लागते! आता मी इंजिनिअर माणूस, पहिला प्रश्न हाच पडणार: बग कुठंय? मज्जातंतूत, स्नायूत, की दोघांच्या जोडावर? १९७६ मध्ये सिद्दिकी आणि अमेरिकेतले सीमोर बेन्झर यांनी अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांतले विजेचे संकेत नोंदवून तेच शोधलं.

पण खरी सोय अळीची. त्याच वर्षी लिली आणि युह नुंग जान या जोडप्यानं तिची पद्धत मांडली. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान अळी पाठीवरून उभी चिरायची, टाचण्यांनी ताणून सपाट करायची, आतडी काढायची. खाली स्नायू ओळीनं दिसतात. त्यातल्या एकात क्षारद्रावणानं भरलेली, अतिसूक्ष्म टोकाची काचेची नळी टोचायची. मज्जातंतूला शॉक न देताही पडद्यावर मधूनच एखादा बारीक उंचवटा येतो, जेमतेम एक मिलिव्होल्टचा. म्हणजे ग्लुटामेट या रसायनाची एक पुडी फुटली. शॉक दिला की पुष्कळ पुड्या एकदम फुटतात. मोठ्या उंचवट्याला छोट्यानं भागा, पुड्यांचा अंदाज मिळतो. शाळेतला भागाकार हो! मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

शिबिरेची अळी तापवून शॉक देत राहिलं की उंचवटे लहान होत होत संपतात. स्नायू ठीक, तारही ठीक, साठा मात्र रिकामा. फुटलेल्या पुडीचं वेष्टण आत ओढून परत वापरायचं काम बंद पडलेलं असतं. २००० साली याच युक्तीनं एका जोडातल्या पुड्या मोजल्या, त्या सुमारे ८४ हजार निघाल्या.

वेष्टण तोडून आत घेणारं प्रथिन म्हणजे डायनामिन. शिबिरेत बिघडतं ते हेच. टीआयएफआरचे के. एस. कृष्णन यांनी १९९४ मध्ये मणी रामस्वामी आणि रेजिस केली यांच्यासोबत अळीतल्या पुड्या रंगवून त्यांची परतीची वाट पाहिली. २००१ मध्ये त्यांच्या गटानं डायनामिनला जीटीपीचं इंधन पुरवणारं एन्झाइमही पकडलं. आपल्या स्नायूंच्या जोडांवर रसायन वेगळं असतं, ॲसिटिलकोलिन. मेंदूत मात्र बहुतेक ठिकाणी ग्लुटामेटच, आणि वेष्टण परत आणायला डायनामिनच.