एक जानेवारीची सही

एक जानेवारीला आपल्या कोरेगाव भीमात काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. पहाटेपासून जयस्तंभाकडे माणसांची रीघ लागते. १ जानेवारी १८१८ ला इथे लढाई झाली. तिच्यात पडलेल्या महार सैनिकांची नावं त्या स्तंभावर आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे येऊन गेले. आज याच तारखेची आणखी एक गोष्ट सांगते. ती आहे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची.

लिंकन यांचा जन्म १८०९ चा, केंटकी राज्यातल्या लाकडी ओंडक्यांच्या एका खोलीतला. आपल्याकडे लढाई झाली, त्याच १८१८ साली त्यांची आई गेली. विषारी झाडपाला खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन तिकडे माणसं दगावत, तसंच तिचं झालं. मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी सावत्र आई आली. सावत्र म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण या माउलीनं पोराच्या वाचनाला बळ दिलं. शाळा मात्र सगळी मिळून जेमतेम वर्षभराची झाली.

मोठेपणी भागीदारीत दुकान काढलं, ते बुडालं. भागीदार वारला, तेव्हा त्याच्या वाट्याचं कर्जही लिंकननी अंगावर घेतलं आणि कित्येक वर्षं फेडलं. गटातल्या बायकांना यातलं दुखणं लगेच कळेल. मग घरीच कायद्याची पुस्तकं वाचून ते वकील झाले. आमदार झाले, खासदार झाले, निवडणुका हरलेही. १८६० ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

तेव्हा अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. बाजारात जनावरांसारखी विकली जायची. आई एका मालकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली आणि युद्ध पेटलं. लिंकन आधी म्हणत होते, मला देश एक ठेवायचा आहे. पण युद्धानं आणि मालकाकडून पळून येणाऱ्या गुलामांनी त्यांना पुढचं पाऊल टाकायला लावलं.

१ जानेवारी १८६३ ला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा सहीसाठी समोर आला. नव्या वर्षाच्या भेटीला आलेल्यांशी सकाळपासून हात मिळवून त्यांचा हात थरथरत होता. सही वाकडी आली तर लोक म्हणतील, हा कचरला. म्हणून ते थांबले, हात स्थिर केला आणि मग सही केली.

पण कागद निघाला म्हणून सगळे सुटले नाहीत. जाहीरनामा फुटलेल्या राज्यांपुरताच होता. पावणेदोन लाखांवर काळे सैनिक त्या युद्धात लढले, तेव्हा तो कागद गावोगाव पोहोचला. टेक्सासमधल्या गुलामांना तर १९ जून १८६५ ला कळलं की आपण मोकळे आहोत! देशभर गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ ला लागू झाली. ती पाहायला लिंकन नव्हते. एप्रिलमध्येच त्यांना गोळी घातली होती.

ही गोष्ट आपल्या पुण्यातही पोहोचली होती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती.

आता माझी सही सांगते. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं कायदा बदलून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा वाटा दिला. मी बी.ए. झालेली. तरी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माहेरी हक्कसोडपत्रावर सही करून आले, एक ओळही न वाचता. माहेर तुटेल, ही भीती होती. माझा हात थरथरलाही नाही. विचारच केला नव्हता, तर थरथरेल कशाला?

भावाला प्रेमानं द्यायचं असेल तर जरूर द्या. पण काय देतोय ते समजून द्या. कागद घरी आणा, गटात मोठ्यानं वाचून घ्या, दोन दिवस थांबा. हक्काचा कागद सरकार काढतं, तो आपल्या दारापर्यंत आपल्यालाच आणावा लागतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा सातबारा घेऊन यावं. कुणाचं नाव कुठे आहे, ते मिळून बघू.